गोदातीर ते सागरतीर

आपल्या संघाच्या सभासद-कुटुंबांत असे घर आज क्वचितच आढळेल, की ज्याचा मुंबईशी कोणत्या ना कोणत्या निमित्ताने संबंध आलेला नाही. कोणाचा मुलगा तेथे नोकरीस आहे, कोणाची कन्या तेथे दिलेली आहे, कोणी शिक्षणासाठी तर कोणी औषधोपचारासाठी तेथे राहून आलेले आहे. सुटीत मुले आत्याकडे किंवा मामाकडे जाऊन येतात आणि परतल्यावर आठ दिवस दुसरे बोलत नाहीत. तेथील न वाळणारा घाम, चौपाटीवरची भेळ, पायाखालची वाळू ओढून नेणारी लाट, आणि एकाच आगगाडीच्या डब्यात ऐकू येणाऱ्या पाचसहा भाषा! वडीलधारी मंडळी हे कौतुकाने ऐकतात, पण शेवटी एक वाक्य हमखास निघते : "आपण गोदाकाठची माणसे. समुद्राशी आपला काय संबंध?"

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या आधारे द्यावे, एवढाच आमच्या लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की हा संबंध कालपरवाचा नाही, निदान दोन हजार वर्षांचा आहे. मध्यंतरी तो तुटल्यासारखा झाला. तो तुटण्यात निसर्गाचा हात थोडा आणि माणसांचा अधिक होता. आणि त्या माणसांत आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थाही होत्या. म्हणून हा विषय एखाद्या इतिहासमंडळाच्या पत्रिकेपेक्षा आपल्या या स्मरणिकेत मांडणे आम्हांस अधिक उचित वाटते.

प्राचीन मार्ग

आजच्या छत्रपती संभाजीनगराच्या दक्षिणेस गोदावरीच्या तीरावर वसलेले पैठण हे सातवाहनांचे प्रतिष्ठान होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेविले. 'पेरिप्लस' या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात पैठणचा उल्लेख आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो सांगतो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तगरहून साधे कापड व तलम मलमल, असा माल गाड्यांवर लादून, रस्ता धड नसलेल्या मुलखातून बंदराकडे नेला जाई, असेही त्याने नमूद केले आहे.

भडोचखेरीज सोपारा, कल्याण आणि चौल या कोकणकिनाऱ्यावरील बंदरांची नावेही तो देतो. घाटमाथ्यावरून या बंदरांकडे उतरण्याची मुख्य वाट जुन्नरजवळच्या नाणेघाटातून होती. सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख याच घाटाच्या माथ्यावरील लेण्यात आहे. यज्ञयाग आणि दाने यांची त्यात लांबलचक यादी आहे. घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण असून तो जकातीचा रांजण म्हणून दाखविण्यात येतो. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले, तेव्हा भूमध्य समुद्राकडून मद्य किंवा तेल भरून येणाऱ्या कुंभांची खापरे तेथील मातीत मिळाली. प्रवरेच्या काठी असे कुंभ पोहोचले, याचा अर्थ समुद्रावरचा माल घाट चढून आपल्या दारापर्यंत येत होता.

हे दळणवळण वाऱ्याच्या भरवशावर चाले. नैऋत्येचे मोसमी वारे धरून जुलैच्या सुमारास तिकडून निघालेले जहाज आपल्या किनाऱ्यास लागे आणि हिवाळ्यात वारे उलटले म्हणजे परत फिरे. ज्या वाऱ्यांवर आपल्या शेतकऱ्याची पेरणी अवलंबून, त्याच वाऱ्यांवर आपल्या कापडाची विक्री अवलंबून होती! आभाळाकडे पाहणारा कुणबी आणि शिडाकडे पाहणारा नाखवा हे एकाच ऋतूची वाट पाहात होते. गौतमीपुत्र सातकर्णीच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असे नाशिकच्या लेण्यातील लेख अभिमानाने सांगतो, आणि यज्ञ सातकर्णीच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. ज्या राजवंशाची राजधानी समुद्रापासून इतकी दूर, त्याने नाण्यावर जहाज छापावे, यात पुष्कळ अर्थ आहे.

दात्यांची नावे

राजांच्या गोष्टी सर्वांस ठाऊक असतात. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटतात ती सामान्य माणसांची नावे. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील लेण्यांत खांबांवर लहान लहान लेख आहेत. एका खांबावर प्रतिष्ठानच्या गंधिक कुळातील मितदेवाचे दान म्हणून नोंद आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दुसऱ्या खांबावर प्रतिष्ठानच्याच संघकाच्या पुत्रांचे नाव आहे. एका राजवैद्याच्या घरच्या माणसांनीही येथे दाने दिली. याच लेण्यात सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली असे कोरलेले आहे. दगड घडविणारा हा सोनार दोन हजार वर्षांनंतरही आपल्याशी नावानिशी बोलतो!

आता घाट उतरून खाली यावे. मुंबईच्या बोरिवलीजवळ कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथेही दात्यांची नावे आहेत. आणि हे दाते सोपारा, कल्याण, चौल, नाशिक अशा ठिकठिकाणचे आहेत. कल्याणचे व्यापारी त्यांत विशेष. एका लेखात तर दात्याने कल्याणच्या विहारात आणि आपल्या प्रतिष्ठान येथेही धर्मकृत्ये केल्याची नोंद आहे. म्हणजे समुद्रकाठचे लेणे आणि गोदाकाठचा विहार यांना एकाच पुण्यवान गृहस्थाचे द्रव्य पोहोचले. मुंबई हे नाव जन्माला येण्यापूर्वी कित्येक शतके मुंबईच्या भूमीवर पैठणचे नाव दगडात कोरले गेले, ही गोष्ट आपल्या प्रत्येक मुलास ठाऊक असली पाहिजे.

येथे एका मोहापासून मात्र वाचकांस सावध केले पाहिजे. गंधिक, हिरण्यकार, वैद्य हे शब्द वाचताच प्रत्येक ज्ञातीच्या इतिहासकारास आपला मूळ पुरुष सापडल्याचा आनंद होतो. आपल्या ज्ञातीबद्दलही असा दावा करणे सोपे होते. आम्ही तो करीत नाही. त्या लेखांतील हे शब्द व्यवसायाचे निदर्शक आहेत. त्यांचा आजच्या जातींशी सरळ सांधा जोडण्यास कोणताही पुरावा नाही. शिवाय त्या लेण्यांत मौज अशी आहे, की गंध विकणारा, सोने घडविणारा, औषध देणारा हे सर्व एकाच लेण्यासाठी खर्च करितात. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर धेनुकाकट या गावच्या यवनांनी दिलेले खांब सोपाऱ्याच्या एका भिक्षूने दिलेल्या खांबासोबत उभे आहेत. पूर्वज शोधावयाचेच असतील तर ते या सहकार्यात शोधावेत, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.

सागरतीरावरील मिश्र वस्ती

मुंबईत नाना धर्मांचे व भाषांचे लोक एकत्र राहतात याचे आपणांस आश्चर्य वाटते, आणि ते इंग्रजांच्या काळात सुरू झाले असे आपण समजतो. वस्तुतः हा कोकणकिनाऱ्याचा फार जुना स्वभाव आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवासलेखकाने कल्याणास ख्रिस्ती लोक असून त्यांचा धर्मगुरू इराणातून नेमला जातो, असे लिहिले आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी, इ. स. ९१६ च्या सुमारास, अरब इतिहासकार अल्-मसूदी चौल येथे आला. तेथे ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले व तेथेच जन्मलेले सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे तो सांगतो. पारशी लोक संजाणास उतरले. अलिबागच्या परिसरात बेने इस्राएल लोकांनी तेलाचे घाणे चालविले. ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांस 'शनिवार तेली' हे नाव दिले. परधर्मी पाहुण्यास आपल्या गावगाड्यात एक जागा देऊन टाकण्याची ही रीत किती साधी! त्यांच्यापैकीच सॅम्युएल इझीकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतील पहिले यहुदी प्रार्थनामंदिर उभारले. दिवेआगरावरून पडलेले आडनाव त्यांनी शेवटपर्यंत बाळगिले.

चौलला अल्-मसूदी आला तेव्हा तेथे राष्ट्रकूटांचा अंमल होता. ज्यांच्या कुळातील पहिल्या कृष्णराजाने वेरुळचे कैलास लेणे घडविले, तेच हे राष्ट्रकूट. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला इ. स. ९२६ चा एक ताम्रपट या संदर्भात अत्यंत उद्बोधक आहे. राष्ट्रकूट सम्राटाने संजाणच्या कारभारावर मधुमती सुगतिप नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब वंशाचा, अधिकारी नेमिला होता. या अधिकाऱ्याने काय केले? त्याने दोन प्रवाहांवर प्रवाशांसाठी विनामूल्य नाव ठेविली. आणि संजाणास एक अन्नछत्र घातले. तेथे येईल त्यास भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. त्याच्याच अमलात तेथे एका ब्राह्मणाने मठ बांधिला व त्या मठास जमिनीचे उत्पन्न देण्यात आले. वेरुळच्या डोंगरात शिवमंदिर घडविणाऱ्या राजकुळाने समुद्रकाठी अरब कारभारी नेमावा, आणि त्या कारभाऱ्याच्या संमतीने हिंदू मठ चालावा! ही गोष्ट आम्ही कोणास उपदेश करण्यासाठी रचिलेली नाही; ती तांब्यावर कोरलेली आहे. त्या फुकटच्या नावेचा उल्लेख वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे आपणांस तिची गरज पडणार आहे.

समुद्र केवळ किनाऱ्यावरच थांबला असेही नाही. ज्या मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी हे गाव वसविले, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर या नावांनी प्रसिद्धीस आले. तो मलिक अंबर जन्माने हबशी होता. गुलाम म्हणून विकला जाऊन समुद्रापलीकडून तो दक्षिणेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. सतराव्या शतकात सुरतेस उतरलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो गोवळकोंड्याकडे जाताना आपल्या या शहरातून गेला आणि वेरुळची लेणी पाहून त्याने त्यांचे वर्णन लिहून ठेविले. अशा रीतीने, आपण समुद्राकडे जात नव्हतो त्या काळातही समुद्र आपल्याकडे येतच होता.

समुद्र वर्ज्य कसा झाला

मग आपण जाणे का थांबलो? सोपाऱ्याच्या खाड्या गाळाने भरत गेल्या, व्यापाराचे मार्ग बदलले, राजधान्या हलल्या, ही कारणे आहेतच. परंतु त्यांच्या जोडीस आणखी एक कारण होते. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पातकांत केलेली आहे, आणि पुढे कलियुगात वर्ज्य मानलेल्या गोष्टींत समुद्रयात्रेचाही समावेश झाला. ज्या पैठणच्या व्यापाऱ्यांचा माल समुद्रपार जात होता, तेच पैठण पुढे धर्मनिर्णयाचे पीठ म्हणून नावाजले गेले. आळंदीच्या चार भावंडांस शुद्धिपत्र आणण्यासाठी पैठणच्या ब्रह्मसभेकडे जावे लागले, अशी परंपरा आहे. एकाच नगराची ही दोन रूपे आहेत. एका काळी ते माणसांस वाट दाखवीत होते, दुसऱ्या काळी वाट अडवीत होते. त्याच नगरात सोळाव्या शतकात संत एकनाथ झाले. श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी अंत्यजांस जेवू घातल्याची कथा घरोघर सांगितली जाते, हेही तितकेच खरे. पैठण म्हणजे केवळ निर्बंध, असे कोणी समजू नये.

हा निर्बंध कागदावरच राहिला असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे बंदर जगभर जहाजे पाठवीत असताना, त्याच मुंबईत मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली आणि विलायतेस शिक्षणासाठी निघालेल्या एका अठरा वर्षांच्या तरुणास ज्ञातीबाहेर टाकण्यात आले. त्यास साहाय्य करील किंवा बंदरावर निरोप देण्यास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरला. तो तरुण ४ सप्टेंबर १८८८ रोजी जहाजावर चढला. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. १८९१ मध्ये परतल्यावर ज्ञातीच्या समाधानासाठी त्यांच्या वडील बंधूंनी त्यांस नाशिकला नेऊन गोदावरीचे स्नान घडविले. ज्या गोदावरीच्या काठचे कापड रोमन जगात पोहोचत होते, त्याच गोदावरीस समुद्रप्रवासाचे पाप धुण्याचे काम देण्यात आले! पुढे जगाने त्या तरुणास महात्मा म्हटले. दंड ठरविणाऱ्या शेटजींचे नाव आज कोणासही आठवत नाही.

ही कथा दुसऱ्या ज्ञातीची म्हणून आपण हसून सोडून देऊ नये. तशा प्रकारचे ठराव त्या काळी बहुतेक ज्ञातींत झाले. परदेशगमन हे निमित्त होते; पुढे परजातीशी विवाह, विधवाविवाह, परजातीबरोबर भोजन अशी निमित्ते बदलत गेली. वाळीत टाकण्याची ही पद्धत बंद व्हावी म्हणून मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा केला, पण तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ गेल्यावर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलात आला. एकविसाव्या शतकात असा कायदा करण्याची वेळ यावी, हीच गोष्ट ज्ञातिसंस्थांनी विचार करण्यासारखी आहे.

मुंबई आणि मराठवाडा

मुंबईची कथा सर्वपरिचित असली तरी संक्षेपाने सांगणे अवश्य आहे. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर ही बेटे इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली, आणि १६६८ मध्ये ती सालीना दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. परंतु त्यापूर्वीही तेथे वस्ती होती. कोळी बांधव समुद्रावर उपजीविका करीत होते. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवून नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करावयाचा आणि मग पुन्हा मासेमारीस निघावयाचे, हा त्यांचा क्रम आजही चालू आहे. पुढे सुरतेहून पारशी जहाजकारागीर आले. गुजरातेतून भाटिये, वाणी, बोहरी व खोजे आले. गोव्यातून ख्रिस्ती, कोकणातून व घाटावरून मराठी माणसे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली. १८६५ मध्ये थळ घाटाचा लोहमार्ग पुरा झाला आणि घाटमाथा मुंबईस जोडला गेला.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत जाणारा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला, तो अरुंद रुळांचा. मुंबईस जाणाऱ्याने मनमाडला उतरावे, सामान डोईवर घ्यावे आणि रुंद रुळांच्या गाडीत जागा धरावी, हा क्रम तीनचार पिढ्या चालला. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांस मनमाडच्या फलाटावरची ती धावपळ आठवत असेल. १९९० च्या दशकात रूळ रुंद झाले आणि हा खंड पडणे थांबले. राजकीय खंड त्यापूर्वीच मिटला होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. त्या दिवसापासून समुद्रकाठचे हे शहर केवळ आपले पाहुण्यांचे गाव राहिले नाही. ते आपल्या राज्याची राजधानी झाले.

देवघेव एकाच बाजूने झाली असे समजू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढिले, आणि १९५० मध्ये आपल्या शहरी मिलिंद महाविद्यालयाची स्थापना केली. समुद्रकाठी सुरू झालेले विद्येचे कार्य चार वर्षांत येथे पोहोचले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आले, त्यामुळे न्यायासाठी प्रत्येक वेळी घाट उतरण्याची आवश्यकता उरली नाही. आणि ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला. नागपुराहून निघून आपल्या जिल्ह्यातून जाणारा हा ७०१ किलोमीटरचा मार्ग भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. कल्याण तेथून हाकेच्या अंतरावर आहे. सातवाहनांच्या गाड्या जेथे उतरत, त्याच परिसरात आजच्या मोटारी उतरतात! भूगोल आपले मत सहसा बदलीत नाही, असेच म्हणावे लागते.

प्रवासी कुटुंबांस काही सूचना

सुटीत मुंबईस जाणाऱ्या आपल्या कुटुंबांस आम्ही चार गोष्टी सुचवितो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिसाच्या घरात जातो, सावलीत मात्र घाम वाळतो. मुंबईत पारा कमी असूनही दमटपणामुळे घाम वाळत नाही. म्हणून लहान मुले व वृद्ध यांना शक्यतो हिवाळ्यात न्यावे. दुपारी समुद्रावरून खारे वारे आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात, ते मुलांस प्रत्यक्ष दाखवावे. पुस्तकातील धडा त्यांस आपोआप समजेल.

जुहू व गिरगावच्या वाळूत मुलांनी अवश्य खेळावे. परंतु गिरगाव चौपाटीवर १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचा अंत्यविधी झाला, हे त्यांना सांगावे. दादरच्या चौपाटीवर ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांना अखेरचा निरोप देण्यात आला. तेथे आज चैत्यभूमी आहे; तेथे नतमस्तक होऊन यावे. मुंबईच्या वाळूत किल्ले बांधणाऱ्या मुलांस कळावे, की याच वाळूवर महाराष्ट्राने आपले दोन थोर पुरुष अग्नीच्या स्वाधीन केले.

एक दिवस कान्हेरीसाठी आणि एक दिवस घारापुरीसाठी राखून ठेवावा. वेरुळचे एकोणतिसावे लेणे, ज्यास धुमार लेणे म्हणतात, ते ज्याने पाहिले आहे, त्यास घारापुरीच्या मुख्य लेण्यात शिरताच ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल. दोहोंची मांडणी व शिल्पांची धाटणी इतकी जवळची आहे. सवड असल्यास नालासोपाऱ्यास जावे. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले, आणि अशोकाच्या शिलाशासनांचे तुकडे तेथे व जवळपास १८८२ व १९५६ मध्ये मिळाले. आज लोकलगाडीच्या गर्दीसाठीच ओळखले जाणारे ते स्थानक एका काळी जगाचे बंदर होते.

उपसंहार

वाचकांस त्या दोन गोष्टींची पुन्हा आठवण करून देतो. एक, संजाणच्या कारभाऱ्याने प्रवाशांसाठी ठेविलेली फुकटची नाव. दुसरी, मुंबईच्या ज्ञातिसभेने प्रवाशाच्या स्नेह्यांवर बसविलेला सव्वा रुपयाचा दंड. प्रत्येक समाज आपल्या माणसांच्या वाटेवर कोठे ना कोठे बसलेला असतोच. त्याने तेथे नाव ठेवावयाची की दंडाची पेटी ठेवावयाची, एवढाच प्रश्न असतो.

आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आज केवळ मुंबईसच नव्हे, तर समुद्रापलीकडेही जात आहेत. तेथे त्यांची परक्या भाषेशी, परक्या अन्नाशी, परक्या माणसांशी गाठ पडते. त्यांतून मैत्री होते, क्वचित विवाहही ठरतात. अशा प्रसंगी घरी पत्र किंवा दूरध्वनी आला म्हणजे आईवडिलांचे पहिले वाक्य अजूनही "ज्ञाती काय म्हणेल?" हेच असते. या भीतीने कित्येक घरांत मुले बोलेनाशी होतात आणि सणावारी घरी येणे टाळतात. ज्ञातिसंघाने हा प्रश्न मनातून कायमचा काढून टाकण्यासारखे वर्तन ठेविले, तर त्याच्या सर्व वार्षिक अहवालांहून ते कार्य मोठे ठरेल.

संघाच्या निधीतून मुंबईस शिकणाऱ्या मुलामुलींसाठी खोलीभाड्यास साहाय्य करावे; रुग्णांबरोबर जाणाऱ्या नातलगांच्या चार दिवसांच्या निवासाची सोय करावी; आणि ती करताना संजाणच्या अन्नछत्राप्रमाणे दारात आलेल्यास त्याची ज्ञाती विचारू नये, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे. पितळखोऱ्याच्या खांबावर मितदेवाने आपले नाव कोरविले ते त्याने काही दिले म्हणून. कोणास अडविल्याबद्दल कोणाचे नाव खांबावर कोरले गेल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

सर्व सभासद-कुटुंबांचा प्रवास सुखाचा होवो. इत्यलम्.